साक आणि हाक

माझ्या मित्राच्या पाठीवर मी एका सकाळी भार दिला. तो पुरे म्हणाला. ते मला स्वच्छ ऐकू आलं आणि तरी मी भार काढला नाही. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बाकीची हकिकत सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, कारण ती तोच हसत हसत सांगतो.

आम्ही दोघं बिदरजवळच्या नौबादचे. मी हायस्कुलात गणित शिकवतो. तो पशुवैद्यकीय खात्यात, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणणारा. औरादकडच्या खेड्यांतून जनावरांना लस टोचत फिरायचं हे त्याचं काम, आणि ते त्याला मनापासून आवडायचं. वजनं वाढली म्हणून दोघांनी एकाच महिन्यात गिअरच्या सायकली घेतल्या. सकाळी मांजरेच्या पुलापर्यंत जायचं आणि फिरायचं. जाताना उतार, येताना चढ.

महिन्याभरात अंगं बोलायला लागली. त्याचे तळहात बधिर व्हायचे, माझी कंबर धरायची. सायकलवर माणूस तास-दीड तास पुढं वाकून बसतो. पाय फिरत राहतात, पण एकदाही पुरते सरळ होत नाहीत. मांडीमागच्या शिरा आखडतात. पोटात जोर नसला की वरच्या अंगाचं ओझं मनगटांवर येतं. हे मला कळायचं, कारण शाळेनं मला एकदा आठवड्याभराच्या योगशिबिराला धाडलं होतं. दुसरं कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून मी. तेवढ्यावर मी गुरू झालो.

माझ्या गच्चीवर सतरंज्या टाकून आम्ही सुरू केलं. पाठ मागं वळवायला भुजंगासन, कमरेला सेतुबंध, पोटाला नौकासन आणि फलकासन. फलकासनात कोपरांवर आणि चवड्यांवर अंग फळीसारखं धरायचं असतं. पहिल्या दिवशी तो दहा आकडेसुद्धा टिकला नाही, लटलट कापायला लागला. "ह्येच्यापरीस म्हैस धरल्याली बरी, अण्णा," म्हणाला. मोजणं माझ्याकडं असायचं. गणिताचा मास्तर, मोजायचं काम दुसऱ्याला कोण देणार?

गुण आला. त्याच्या हातांच्या मुंग्या गेल्या, माझी कंबर मोकळी झाली. फरक एवढाच की मी कंटाळा आला की दांडी मारायचो आणि तो एक दिवसही चुकवायचा नाही. खेड्यात मुक्काम पडला तर दवाखान्याच्या ओट्यावर करायचा. सांगितलेलं ऐकणारा माणूस.

चार-पाच महिन्यांनी एका सकाळी चढावर त्यानं मला मागं टाकलं. जोर लावून नव्हे, गप्पा मारत मारत. बोलता बोलता तो पुढं गेला आणि त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. मी वर पोचलो तेव्हा तो चहाच्या टपरीवर अर्धा कप संपवून बसला होता.

"काय अण्णा, वाटंत सोयरे भेटले का? जेवूनच आलाव जणू," तो म्हणाला. टपरीवरचे चार लोक हसले. टपरीवाल्या चाचांनी माझ्या हातात कप देत आपल्या दखनीत भर घातली, "उस्ताद गुड रह गये, चेला शक्कर हो गया." मीही हसलो. चहाचे पैसेही मीच दिले. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं. जमिनीचं भांडण, जुनं वैर, काहीतरी. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला चढावर एकजण पुढं गेल्याचं सोसलं नाही, हे कारण सांगायचीही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पश्चिमोत्तानासन होतं. पाय लांब करून बसायचं, पुढं वाकून पायांचे अंगठे धरायचे, कपाळ गुडघ्यांना. सगळ्या आसनांत एवढंच त्याला नीट जमत नसे. मी मागून कमरेवर तळवे ठेवून हलका दाब द्यायचो, वीस आकडे. त्या दिवशी मी तळव्यांवर थांबलो नाही. छाती टेकवली, पायांवर रेटा घेतला आणि सगळं अंग त्याच्यावर सोडलं.

नऊ म्हणालो तेव्हा तो म्हणाला, "साक."

दुखलं की त्याच्या तोंडून कानडी यायची. बाप ठाणाकुशनूरकडचा मराठी, आई कानडी मुलखातली. साक म्हणजे पुरे. बिदरात राहून हे न कळणारा माणूस मिळायचा नाही. मी दहा म्हणालो, आणि पुढचे आकडे लांबवले. चौदाला तो पुन्हा म्हणाला, "साक, अण्णा." तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. मी वीसपर्यंत मोजलं.

तो उठला. सतरंजीची घडी घालायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती. सोलापूरला ऑपरेशन झालं. दुखणं कमी झालं, पण डाव्या पावलात जीव आला नाही. अजून ते जमिनीवर घासत येतं. गोठ्यात जाऊन लाथाळ जनावर धरायचं काम अशा पायानं होत नाही, म्हणून खात्यानं त्याला टेबलावर बसवलं. आता तो दुसऱ्यांनी टोचलेल्या लसींच्या नोंदी लिहितो.

तो दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "ह्येनी साक म्हणले म्हनत्यात. तुमाला ऐकू आलं न्हाई का, अण्णा?"

विचारणं सरळ होतं. हो किंवा नाही, एवढंच उत्तर. मी म्हणालो, "वैनी, मला हाक ऐकू आलं."

हाक म्हणजे कानडीत घाल, लाव. जोर हाक, असं म्हणतातच. हे मी आधी ठरवून गेलो नव्हतो. जिभेवर आलं आणि असं चपखल बसलं की मलाच क्षणभर खरं वाटलं. वैनी माझ्याकडं बघत राहिल्या. तेवढ्यात खाटेवरून तोच म्हणाला, "त्येंचं काय चुकलं गं? तोंड गुडघ्यात घालून बोलायलो व्हतो मी. साक काय अन् हाक काय, कुनाला कळनार?" आणि हसला.

तेव्हापासून ती त्याची गोष्ट झाली. लग्नकार्यात कुणी विचारलं, पायाला काय झालं, की तो ती सांगतो. एका अक्षरानं माझा पाय न्हेला, म्हणतो. लोक हसतात. मी शेजारी असलो तर माझ्या खांद्यावर हात ठेवतो, म्हणजे मला वाईट वाटू नये. मीही हसतो. इतक्या वर्षांत एकदाही माझं हसणं चुकलं नाही.

माझी पाठ ठणठणीत आहे. मी अजून सायकल चालवतो, योगदिनाला शाळेच्या मैदानावर पोरांपुढं आसनं करून दाखवतो. चुकीची शिक्षा अंगाला होते असं लहानपणी ऐकलं होतं. माझं अंग दरसाल जास्तच लवचिक होत चाललंय.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याला सांगितलं की कंबर आणि पोट बळकट राहायला हवं, नाहीतर दुसरी गादी जाईल. जाणत्या माणसाच्या हाताखाली हलके व्यायाम करा. दवाखान्यात शिकवणारी बाई होती. तिला तो म्हणाला, "आमचे अण्णा हाईत की."

मी नको म्हणालो. जमेल तितक्या वेळा म्हणालो. कारण मात्र सांगितलं नाही, आणि कारणाशिवायचा नकार त्याला माझा पश्चात्ताप वाटला. "तुमी किती दिवस मनाला लावून घ्यायलाव?" म्हणाला. "तुमी असल्यावर मला भ्या वाटत न्हाई."

आता दर रविवारी मी त्याच्या घरी जातो. तो उताणा झोपून गुडघे वाकवतो आणि कंबर वीतभर उचलतो. डावं पाऊल घसरू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरून बसतो. थंडगार असतं. वैनी चहा आणतात, त्या अजूनही माझ्याशी मोजकंच बोलतात. तो डोळे मिटतो आणि मला मोजायला लावतो.

मी त्या दिवशी काय ऐकलं आणि काय मुद्दाम केलं, हे त्याला आणि वैनींना सांगणं माझ्यावरचं देणं आहे. त्याच्या अंगाला पुन्हा हात लावण्याआधी सांगायला हवं. ते देणं अजून फेडलेलं नाही.