आत्तीच्या मागं टेंपो

आमच्या आत्तीला तिच्या मागून कुणी चाललेलं खपत नसे. बाजारात कुणी मागं रेंगाळलं की ती बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, "जावा फुडं. मागं कोण असलं की माझी पाठ टोचतीया." आई एकदा गमतीनं म्हणाली, "पाठीला डोळे हाईत काय तुमच्या?" "न्हाईत, म्हणून तर," आत्ती म्हणाली.

याला कारण होतं. ऐन पंचविशीत नवरा गेला, ती कोल्हापूरला आमच्याकडं, माहेरी परतली आणि तेव्हापासून जिथं जाईल तिथं तिला कुणीतरी सोबतीला दिलं जाई. देवळात आजी, दवाखान्यात आई, बाजारात मी. सगळं मायेपोटी, पण मायेचाही जाच होतो. शेवटी तिनं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत लोखंड ओतायचे वाळूचे साचे करायचं काम धरलं आणि जायला-यायला सायकल घेतली. पदर कमरेला खोचून पंचगंगेच्या पुलावरून ती ट्रकांच्या रांगेतनं अशी जायची की ट्रकवालेच हॉर्न द्यायला बिचकत. गल्लीतल्या बायका नावं ठेवीत. मला मात्र मैत्रिणींना "ती बघ, आमची आत्ती" असं दाखवताना अंगावर मूठभर मांस चढायचं.

नव्वदच्या दशकात, मी कॉलेजात असतानाची गोष्ट. फौंड्रीत तिच्या शेजारी मालवणजवळच्या देवबागची एक बाई कामाला होती. तिच्याकडून गावाकडचं ऐकून ऐकून आत्तीच्या डोक्यानं घेतलं: मालवण ते वेंगुर्ला, समुद्राच्या कडेनं, एक दिवस, सायकलवर, एकटीनं. माझे वडील, आबा, तिचे थोरले भाऊ. स्वतःच्या टेंपोतून फौंड्र्यांचा माल वाहायचे. त्यांनी ऐकताच हात जोडले.

"काय झालं तर लोकांस्नी काय सांगू?"

"माझा नवरा गेला तवा लोक आलते काय, जेवलीस का म्हणून इचारायला?"

आबा टेंपोची चावी घेऊन बाहेर पडले. दोन दिवसांनी त्यांनी अट घातली: जा, पण टेंपो मागं राहणार. आत्ती लगेच "बरं" म्हणाली. तिथंच आम्हाला शंका यायला हवी होती.

राधानगरीवरून घाट उतरून आम्ही मालवणला मुक्काम केला. सकाळी ती पुढं, टेंपो मागं, आबांच्या शेजारी मी. एका अंगाला सुरूची झाडं आणि पल्याड समुद्र, दुसऱ्या अंगाला माडांच्या वाड्या आणि त्यामागं खाडी. तारकर्लीला उतरून तिनं वाळू चिमटीत घेऊन चोळली. "बारीक हाय, पर खारट. साच्याला चालायची न्हाय," एवढंच बोलून ती परत सायकलवर बसली. टेंपो दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत होता. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

देवबागला रस्ताच संपला. पुढं खाडी आणि काठाला एक होडी. आबांनी टेंपो थांबवेपर्यंत आत्तीची सायकल होडीत चढलीही होती.

"शालन, आता गं?"

"आता काय? तू ये की रस्त्यानं. वेंगुर्ल्याच्या बंदरावर थांबते."

रस्त्यानं म्हणजे परत मालवण आणि मग कुडाळवरून भला मोठा वळसा. आबा काठावर उभे राहून तोंडातल्या तोंडात शिव्या देत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्ती होडीत हँडल धरून ताठ उभी होती, आमच्याकडं पाठ करून. इतकी उंच ती मला कधीच वाटली नव्हती.

आम्ही वेंगुर्ल्याला पोचलो तर ती आलेली नव्हती. उन्हं कलली. आबा दोनदा टेंपोत चढले, चावी फिरवली आणि पुन्हा उतरले. जाळं शिवत बसलेला म्हातारा त्यांच्याकडं बघत होता. तेवढ्यात घंटी वाजली. गुडघ्यापर्यंत तांबडी माती घेऊन आत्ती येत होती, सावकाश, बाजारातून आल्यासारखी.

आबा म्हाताऱ्याकडं वळले. "पावणं, ती बघा. आमची भन हाय. मालवणातनं एकटी आलीया." मागं टेंपो होता हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही, आणि नंतर अख्ख्या शिरोलीत ही कथा ऐकवतानाही नाही.

"एवढा वेळ?" मी विचारलं.

"चढ सरला तिथं बसलते. खाली समिंदर. हाक मारणारं कोण न्हवतं, मग बसलेच."

त्यानंतर दर वर्षी ती एसटीच्या टपावर सायकल टाकून जायची आणि आबा तिला स्टँडवर सोडून घरी यायचे. दोन हजार सालानंतर, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. अजूनही पुलावर सायकलवरची बाई दिसली की माझी मान वळते.

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी तिची सायकल घेऊन मी निघाले. आबांनी हवा भरली, ब्रेक आवळले, टपावर सायकल स्वतः बांधली. "मागनं येऊ काय?" असं ते विचारतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी विचारलं नाही. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "होडीवाल्याला सांग, शालनची भाची हाय म्हणून. वळखंल."

देवबागला होडीवाला नवा होता, विशीतला. सायकल आत घेत त्यानं विचारलं, "एकट्याच?"

"मी शालनची भाची," मी म्हणाले.

त्याला काही कळलं नाही. "बरां, बसा," तो म्हणाला.

मी बसले नाही. हँडल धरून उभी राहिले.