सगळ्याला हो

आमचे हे एका इस्पितळाच्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळतात. तिथे त्यांना सगळे 'आधी-वाचा साहेब' म्हणतात, अर्थात पाठीमागे. पडद्यावर आलेला प्रश्न न वाचता कुणी बटण दाबलं, की हे चारचौघांत त्याला असं काही बोलतात की तो बिचारा पुढे कितीतरी दिवस माउसला हात लावताना इकडेतिकडे बघतो. घरीही तेच. नात्यात ज्याने ज्याने म्हणून कॉम्प्युटर घेतला, त्याच्या मशीनवरचं विंडोज काढून ह्यांनी लिनक्स घालून दिलं. कुणी मागितलं नव्हतं. तेव्हापासून काही अडलं की लोक आमच्याकडेच फोन करतात, आणि आधी मला विचारून घेतात, "मूड कसा आहे?"

माझ्या नणंदेची मुलगी बेडकांवर प्रबंध लिहिते. हसू नका, माझं हसून झालंय. एकाच जातीचा बेडूक रस्त्याकडेच्या डबक्यात वेगळा ओरडतो आणि आडबाजूच्या तळ्यात वेगळा, असं तिचं म्हणणं. ते दाखवून द्यायला पोरीने चिखलात उभं राहून शेकडो रेकॉर्डिंगं केली. सगळी एका हार्ड डिस्कवर होती, कॉम्प्युटरला बाहेरून केबलने जोडतात त्या प्रकारच्या. प्रत्येक फाइलच्या नावात तळं आणि तारीख. प्रबंध द्यायची वेळ तोंडावर आली आणि डिस्क उघडेना.

रविवारी सकाळी मायलेकी डिस्क घेऊन आल्या. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चालू असताना केबल उपटलीस ना?" ह्यांचा पहिला प्रश्न.

"एकदा... घाईत होते, मामा."

"वाटलंच."

झालं, साहेब खुर्ची ओढून बसले. मागे नणंद उभी, भाची उभी, मी चहाचा ट्रे घेऊन उभी. एरवी कुणाचीही डिस्क बिघडली, की हे आधी तिची जशीच्या तशी कॉपी काढतात आणि दुरुस्ती त्या कॉपीवर करून बघतात. त्यात अर्धा दिवस जातो. पण त्या दिवशी नणंद म्हणाली, "दादा असताना कसली काळजी? चुटकीसरशी करेल तो." आणि दादा फुगले. कॉपीबिपी काही नाही, दुरुस्तीची कमांड त्यांनी सरळ मूळ डिस्कवरच चालवली.

पडदा प्रश्न विचारू लागला. ही नोंद जुळत नाही, दुरुस्त करू? हो. हे फोल्डर तुटलंय, काढून टाकू? हो. प्रश्न काही संपेनात. मागून नणंद म्हणाली, "अजून किती रे?" तशी ह्यांनी 'यापुढे सगळ्याला हो' असं सांगणारी कळ दाबली. ह्यांनी! ओळी सरसर वर पळाल्या. त्या वाचणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

डिस्क उघडली. नणंदेने टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग भाची पुढे वाकली आणि तशीच राहिली. तिची तळ्यातळ्यांची फोल्डरं गायब होती. हरवलं-सापडलं ठेवायचं लिनक्सचं एक फोल्डर असतं, त्यात सगळे बेडूक एकत्र कोंबलेले होते, आणि नावांच्या जागी नुसते आकडे. तारखा होत्या त्याही डिस्कवर फाइली उतरवल्याच्या, रेकॉर्डिंगच्या नव्हेत. आवाज शाबूत, पण कुठला कुठल्या तळ्याचा हे कळायला मार्ग नाही.

"तळंच माहीत नसेल तर काय उपयोग?" एवढं म्हणून ती रडायला लागली. "माझंच चुकलं, मामा. केबल काढायला नको होती मी."

ह्यांनी तेव्हा बोलायला हवं होतं. हे चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "असू दे. होतं असं."

थोड्या वेळाने हे स्वयंपाकघरात ओट्याशी येऊन उभे राहिले. "केबलने एवढं होत नाही," हळूच म्हणाले. "कॉपी काढली असती तर दुसरे उपाय करून बघता आले असते. तिची फोल्डरं मीच पुसली."

"मग मला काय सांगताय? ती बाहेर बसलीय."

"सांगतो."

सांगितलं नाही. त्याऐवजी रजा टाकली. कुठे, कधी, काय रेकॉर्ड केलं हे भाचीने वहीत लिहून ठेवलं होतं, पण फाइल ओळखायची तर ऐकूनच. बेडूक आपले सगळे सारखेच, डराव डराव. पण मागून ट्रक गेला, पंप सुरू झाला, कुणी शिंकलं, की वहीशी ताडून तळं ठरायचं. म्हणून हे कानाला हेडफोन लावून एकेक फाइल शेवटपर्यंत ऐकत. भाची रोज येऊन बाहेरच्या खोलीत उरलेल्या फाइली ऐकत बसे.

"मामा माझ्यासाठी किती करतात," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. हे ऐकलं की हे पुन्हा कानाला हेडफोन लावायचे. मला त्यांचा राग यायचा आणि खरं सांगते, माझीच मला लाजही वाटायची. आपल्या माणसाचं खोटं माहीत असून समोरच्या पोरीला पोहे वाढत राहायचं, म्हणजे आपणही त्यात आलोच की.

एका दुपारी ह्यांनी मला हाक मारली आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. आधी बेडूक. मग ट्रक. मग कुणीतरी मैत्रीण म्हणाली, "एवढं सगळं एकाच डिस्कवर? दुसरी कॉपी कशी ठेवायची ते तुझ्या मामांना विचार ना."

त्यावर भाचीचा आवाज, पण नाकातून, शब्द ओढत, हुबेहूब ह्यांच्यासारखा: "कॉलेजात जातेस ना? मग एवढं कळत नाही? बस. हात लावू नकोस. आधी सांग, फाइल म्हणजे काय?" दोघी खदखदून हसल्या. मग ती तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "नको बाई. परवा गेले होते विचारायला. दारातूनच परत आले."

मला तो दिवस आठवला. 'सहज आले होते' म्हणाली होती.

"शेवटचं तेवढं कापून टाका," मी म्हटलं. माझ्या तोंडून आधी हेच निघालं.

"तिच्या सरांना न कापलेली लागतात," हे म्हणाले. मग दाराकडे तोंड करून त्यांनी भाचीला हाक मारली.

ती आली तेव्हा हे उभे राहिले. बोलताना नजर जमिनीवर. "केबलमुळे नाही झालं. मी कॉपी काढली नाही. प्रश्न न वाचता सगळ्याला हो म्हटलं. आणि तू रडलीस तेव्हा गप्प बसलो." ह्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "ही फाइल रस्त्याकडेच्या डबक्याची आहे. शेवटी माझी नक्कल आहे. चांगली केलीस."

तिचा चेहरा लालबुंद झाला. "मामा, ती नुसती गंमत..."

"विचारायला आली होतीस?"

"हो."

"मग परत का गेलीस गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुमची भीती वाटते, मामा," ती म्हणाली, आणि लगेच पुढे म्हणाली, "सॉरी."