अर्धं इंग्रजी

हॉटेलच्या तळघरात इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळे कडकमावशी म्हणत. इस्त्री कडक, बोलणं त्याहून कडक. पाहुण्याच्या शर्टाची कॉलर बघून माणूस कसा असेल ते मावशी सांगत. पण इतकी वर्षं ज्यांचे कपडे हाताळले, त्यातल्या एकाचंही तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. तळघराला खिडकीसुद्धा नव्हती, आणि मावशी त्या वाफेला आणि एकटेपणाला पार कंटाळल्या होत्या. त्यांना वर जायचं होतं, स्वागताच्या काउंटरवर, माणसांत. तिथली मुलगी वर्षभरानं लग्न करून जाणार होती, जागा रिकामी होणार होती. अडचण एकच. काउंटरवर इंग्रजी लागतं, आणि मावशींची गाडी 'थँक्यू'च्या पुढे सरकत नव्हती.

म्हणून त्यांनी संध्याकाळचा क्लास लावला. नवरा म्हणाला, या वयात कशाला नसत्या उठाठेवी? मावशींनी त्याच्याशी वाद घातला नाही. संध्याकाळची भाजी चिरायचं काम तेवढं त्याच्या गळ्यात घातलं.

क्लास एका शाळेत भरे. बाकं लहान मुलांच्या मापाची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन इंग्रजी शिकत. सरांची पद्धत साधी होती. दोघादोघांची जोडी लावायची, एकानं पुस्तकातले प्रश्न विचारायचे, दुसऱ्यानं स्वतःची उत्तरं द्यायची, मग अदलाबदल करायची. मावशींच्या वाट्याला घड्याळं दुरुस्त करणारे काका आले. काका जन्माचे मुखदुर्बळ. पहिल्याच दिवशी ते हळूच म्हणाले, "ताई, विचारायचं तुम्ही बघा. मला कुणाला काही विचारायचं म्हटलं की घाम फुटतो."

मावशींना काय, आयतंच मिळालं. घरी नवऱ्याची आणि कामावर धुलाईवाल्यांची उलटतपासणी घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अदलाबदल आज राहिली, उद्या राहिली, ती वर्षभर राहूनच गेली. जोडी इतकी फाडफाड बोले की सर त्यांच्या बाकाकडे फिरकतच नसत. आपण अर्धंच इंग्रजी शिकतोय, हे मावशींच्या गावीही नव्हतं.

मुलाखत नवीन मॅनेजरसाहेबांनी घेतली. साहेब परदेशातून नुकतेच आलेले. इंग्रजी त्यांचीही मायबोली नव्हती, तेही शिकूनच बोलत. त्यांनी हसून इंग्रजीत सांगितलं, तुमच्याबद्दल थोडं सांगा. मावशींना सगळं स्वच्छ कळलं. कळणारच, हेच त्यांनी काकांना शंभरदा विचारलं होतं. उत्तरही तोंडपाठ होतं, पण ते काकांचं. आणि घाबरलेल्या मावशींनी तेच घडाघडा म्हणून टाकलं. मी घड्याळं दुरुस्त करते. मला दोन जावई आहेत. मला टक्कल पडलंय, पण माझी तब्येत उत्तम आहे.

साहेबांनी मावशींच्या जाडजूड अंबाड्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, त्याच्या पुढचा विचारला, आणि मावशींच्या तोंडातून शब्द फुटेना. हातातोंडाशी आलेली नोकरी चालली, पुन्हा ते तळघर. आणि घाबरलेली जीभ आपोआप सवयीच्या वाटेला लागली.

तुम्ही कसे आहात? मावशींनी विचारलं. इथे कधी आलात? इथली हवा मानवते का? रात्री झोप लागते?

साहेब दचकले. मग म्हणाले, झोप नाही लागत. का नाही लागत, हा प्रश्न मावशींकडे तयारच होता. बायको आणि मुलगी तिकडेच आहेत, साहेब म्हणाले. मुलगी केवढी? कुणासारखी दिसते? साहेबांनी खिशातून फोन काढला आणि पुढचे दोन दात पडलेली एक पोरगी दाखवली. आल्यापासून लोकांनी त्यांना पगारवाढ विचारली होती, रजा विचारली होती. झोपेचं कुणी विचारलं नव्हतं. ते बराच वेळ बोलत राहिले, आणि अडले तिथे मावशी पुढचा प्रश्न घालत गेल्या.

शेवटी साहेब भानावर आले.

"तुम्ही माझ्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर दिलं नाहीत," ते म्हणाले. मावशींनी मान खाली घातली. "काउंटरवर येणारा माणूसही असाच घरापासून लांब आलेला असतो. त्याला हेच सगळं विचाराल ना? सोमवारपासून वर या."

मावशींना 'सोमवार' कळला, 'वर' कळलं, आणि डोळ्यांना धार लागली. पदर तोंडाला लावून त्या साहेबांच्या समोरच रडत बसल्या. साहेब गडबडले. पाण्याचा ग्लास पुढे करत त्यांनी विचारलं, "काय झालं? का रडताय?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता, त्यामुळे काकांनी त्याचं उत्तर कधी दिलंच नव्हतं.

"आय ॲम हॅपी, सर," मावशी म्हणाल्या.