आज मी पण खिडकी बंद केली

ग्रुपवाल्यांनो, आज दुपारी टीव्हीवर भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या पहिल्या भट्टीची जुनी फिल्म दाखवून राहिले होते. शेजारच्या गजाननरावांचा टीव्ही बिघडला, म्हणून ते काठी टेकत आमच्याकडे आले.

भट्टीतून पहिलं लोखंड निघालं त्या साली आमच्या क्वार्टरांच्या लाईनीत रेडिओ फक्त यांच्याच घरी होता. आम्ही बौद्ध, म्हणून आमाले आत घेत नव्हते. सिनेमाची गाणी आम्ही खिडकीबाहेर उभं राहून ऐकायचो.

एका संध्याकाळी भट्टीची बातमी लागली. माझा बाप त्याच भट्टीवर कामाले होता. ड्यूटीवरून आला तसाच खिडकीशी उभा राहिला. गजाननराव तेव्हा जवान होते. "तुमच्यासाठी नाही लावला रेडिओ," म्हणाले आन् खिडकी बंद केली.

आज मी त्यांच्यासाठी खुर्ची टाकली, पण अंगणात, खिडकीबाहेर. टीव्हीवर भट्टी दिसली आन् मी खिडकी बंद केली.

बायको म्हणाली, "कावून असं करता? नव्वदीचा माणूस आहे."

म्हटलं, "त्याले खुर्ची तरी दिली. माझा बाप उभा होता."

गजाननराव अजून तिथंच बसून आहेत. तुम्ही उघडली असती का खिडकी?