साहेबानं पकड बदलली ती सकाळ

त्या दिशी मैदानावर चौघंच व्हतो. मी, माझी धाकटी जाऊ, खेळ शिकाय आलेला साहेब आन् त्याला शिकवणारा मास्तर. आजबी कापल्या गवताचा वास आला की ती सकाळ डोळ्यापुढं येती. आमी दोघी बजाजनगरवरून गोल्फच्या मैदानात गवत कापाय जायचो. साहेबाचा चेंडू सारखा डावीकडं जायचा, म्हणून आमी उजव्या अंगाला बसलो. जाऊ हसून म्हणली, "आक्का, ह्यो साहेब जेवताना घास तोंडात घालतो का कानात?" म्या म्हणलं, "गप, विळा चालव." तिकडं मास्तर सांगत व्हता, "साहेब, मारताना काठीचं तोंड आत वळतंय, म्हणून चेंडू डावीकडं जातोय. उजवा हात जरा वर धरा, मनगट वळू देऊ नका." साहेबानं पकड बदलली. काठीचं तोंड आत वळायचं थांबलं, पर आता ते बाहेरच उघडं राह्यलं, आन् चेंडू पहिल्यांदाच उजवीकडं आला. नारळ फुटल्यावानी आवाज झाला. जाऊ पडली नाय. विळा हातात धरून माझ्याकडं नुसती बघत राह्यली, आन् उजव्या कानातून रगत. म्या पदराचा बोळा करून तिच्या कानावर दाबला. तिकडून साहेबाचा खुशीचा आवाज आला, "मास्तर, डावीकडं नाय गेला बघा!" तिचा जीव वाचला, कान गेला. आता दोघी म्हाताऱ्या झालो, मी तिच्या डाव्या अंगाला बसून बोलती. खेळणाऱ्यांनो, पकड बदलली तर चेंडू मारायच्या आधी गवतातल्या बायांना हाक मारून उठवा.