झुलीचा काठ

दोनशे वर्षांपूर्वीच्या शोधमोहिमेबरोबर गेलेल्या एका युरोपियन चित्रकाराने काढलेलं पश्चिम आफ्रिकेतल्या घोडेस्वाराचं चित्र मला आमच्या वसाहतवादविरोधी गटाच्या पोस्टरसाठी हवं होतं. मथळाही तयार होता: ‘लुटारूंनी टिपलेला माणूस’.

वाचनालयात शेजारी बसलेली माझी मैत्रीण वंदना पुस्तकावर वाकली. “अगं, घोड्याला चक्क गोधडी घातलीय!”

खरंच. भाल्या-बाणांपासून वाचवणारी, कापूस भरून शिवलेली जाड झूल. आणि स्वाराने खाली वाकून तिचा काठ उलटा धरलाय. चित्रकाराला आतले टाके दाखवतोय.

“तुझा लुटलेला माणूस तर मजेत दिसतोय,” वंदना म्हणाली. “पाहुण्याला घरचं शिवणकाम दाखवतोय.”

“पाहुणा कसला डोंबलाचा!” मी खेकसले. “हेर होता तो. त्याच्या मागून बंदुका आल्या.”

“ते तुला माहीत गं. त्या स्वाराला कुठे?”

मी पुस्तक माझ्याकडे ओढलं. चित्रकाराचा राग येतोच. झुलीची जाडी त्याने किती चोख टिपलीय. पण काठ धरलेल्या त्या बोटांकडे बघून नुसतंच वाईट वाटत राहतं. ज्याच्यावर आपला जीव अवलंबून, तेच त्या स्वाराने कौतुकाने उलटून दाखवलं. सोनं, जमीन, माणसं यांची लूट आम्ही पत्रकांत ठणकावून मांडतो. हा मोकळेपणा गेला, तो कुठे मांडायचा? पुढे त्याच मुलखात, दारात अनोळखी माणूस दिसताच, किती जणांनी हातातलं काम घाईने पाठीआड केलं असेल.