देव्हाऱ्यामागची जाळी

आमचं पार्क होम म्हणजे कारखान्यातून तयार होऊन आलेलं घर. त्यात गॅसचा हीटर बसवणारा गृहस्थ मराठी, पण जन्म साउथहॅम्प्टनचा, त्यामुळे व्याकरण जरा डगमगतं. आत शिरताच भिंतीवर टकटक करतो, स्वतःशीच "हं" म्हणतो.

वाऱ्याने दिवा विझतो म्हणून बायकोने देव्हारा हवेच्या जाळीला टेकवला होता. त्याने हीटर पेटवायला साफ नकार दिला.

"काकू, हा जाळी बंद असेल तर घर गुदमरेल. मग तुम्ही."

बूट काढले, हात धुतले, देव्हारा स्वतःच उचलून समोरच्या भिंतीपाशी ठेवला. मग हीटर पेटवला. बायकोने दिवा लावला, ज्योत थरथरली.

"बघा!" ती फणकारली.

"मस्त! हवा येते!"

आता सर्व्हिसिंगला आला, की हत्यारांची पेटी उघडण्याआधी तो दिवा लावायला सांगतो.